झुइडओस्टहून : घरबसल्या फार्मसी होते का?

मंडळी, गेल्या दिवाळीत या सदरात मुलांच्या शाळाप्रवेशाबद्दल लिहिलं, तेव्हा वाटलं होतं की वर्षभर त्याचेच फोन येतील. तसे आलेही, पण त्याहून जास्त आले ते आयांच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दलचे. त्यातला एक प्रश्न तर तीन वेगवेगळ्या घरांतून आला. "ताई, फार्मसीची डिग्री घरबसल्या, दूरशिक्षणाने करता येते का? नाव कुठे नोंदवायचं?" म्हणून यंदाचं सदर त्यालाच वाहिलंय.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे चकली हातात धरून वाचणाऱ्यांचा खोळंबा व्हायला नको. नाही होत. भारतातही नाही आणि इथेही नाही. पण तेवढ्यावर पान उलटू नका. घरबसल्या काय होत नाही हे एकदा नीट कळलं, की काय होतं तेही दिसायला लागतं.

आपल्या झुइडओस्ट, डीमेन, अ‍ॅमस्टलवेनच्या पट्ट्यात डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेल्या बायका किती आहेत, ते गणपतीच्या पंगतीत बसलं की कळतं. बहुतेक जणी नवऱ्याच्या नोकरीमुळे आलेल्या. सर्टिफिकेटं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, कपाटाच्या वरच्या खणात. 'केनिसमिग्रांट' म्हणून आलेल्याच्या जोडीदाराला इथे काम करायची मोकळीक असते, म्हणजे कायद्याने अडवलेलं नाही. अडतं ते भाषेपाशी. आणि त्या फोल्डरमधल्या कागदाचं इथे नेमकं मोल काय, हे कुणी सांगत नाही, तिथेही अडतं.

आमच्या राईगर्सबोसमधल्या एका वहिनींचंच सांगते. लिहा म्हणाल्या, फक्त नाव नको. सांगली जिल्ह्यात डी.फार्म. केलं, मग लग्न होईपर्यंत सहा वर्षं एका मेडिकलमध्ये काउंटरवर काम. डॉक्टरांचं कसलंही अक्षर वाचायच्या. इथे येऊन पाच वर्षं झाली, पदरी दोन मुलं. मार्चमध्ये एका संध्याकाळी त्या तडक घरी आल्या. गावाकडून भावाचा फोन होता. त्याला कुणी एजंट भेटला होता. बी.फार्म. दूरशिक्षणाने होतं, परीक्षेपुरतं एकदा यायचं, नोंदणी सोमवारपर्यंतच चालू. भावाने पहिल्या हप्त्यासाठी स्वतःची ठेव मोडायची तयारी केली होती.

"ताई, तुम्ही फक्त एकदा बघा आणि हो म्हणा," वहिनी म्हणाल्या. "निदान पदवी तरी होईल. पाच वर्षं नुसती डबे भरण्यात गेली."

मी म्हटलं, "सोमवारचं राहू द्या. आधी नियम वाचू." चहा ठेवला आणि दोघी जेवणाच्या टेबलाशी बसलो.

भारतात फार्मसीचं शिक्षण १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली येतं आणि अभ्यासक्रमाला मान्यता देते फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया. कॉलेज आणि अभ्यासक्रम कौन्सिलने मान्य केलेला नसेल, तर पदवीच्या कागदावर कितीही सोनेरी अक्षरं असोत, राज्याच्या कौन्सिलात फार्मासिस्ट म्हणून नोंद होत नाही. बी.फार्म. चार वर्षांचं, आठ सेमिस्टरचं. हजेरी ८० टक्के, आणि ती थिअरीची वेगळी, प्रॅक्टिकलची वेगळी मोजतात. दूरशिक्षणाचं म्हणाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे नियम काढले, त्यात हे अभ्यासक्रम या पद्धतीने चालवायचेच नाहीत अशी यादी आहे. वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, आणि त्याच रांगेत फार्मसी. म्हणजे तो एजंट जे विकत होता, ते कायद्याने अस्तित्वातच नव्हतं.

डी.फार्म. झालेल्याला बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ही सोय खरी आहे आणि वहिनींना ती माहीत होती. पण तिथेही रोज कॉलेजात जावंच लागतं. दोन मुलांना राईगर्सबोसमध्ये ठेवून तीन वर्षं सांगलीत राहणं हा त्यांच्यासाठी पर्याय नव्हता.

वहिनी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण माझी जाऊ तर मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाली. तिचं चालतं आणि माझं का नाही?"

प्रश्न रास्त होता. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, दिल्लीचं इग्नू १९८५ चं. घर, शेती, नोकरी सांभाळून त्यांच्यामुळे पदवीधर झालेली माणसं आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहेत. दूरशिक्षणाला नाक मुरडायचं कारणच नाही. पण इतिहासाच्या पेपरात चूक झाली तर आपले मार्क जातात, आणि औषधाच्या मात्रेत झाली तर दुसऱ्याचा जीव जातो. डी.फार्म.लासुद्धा दोन वर्षांच्या अभ्यासानंतर किमान ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं, तीन महिन्यांपेक्षा कमी नाही, आणि त्यातले निदान २५० तास चिठ्ठीवरून औषध देण्याचे. वहिनींनी ते तास एका सरकारी दवाखान्यात उभं राहून भरले होते. ते आठवल्यावर त्याच म्हणाल्या, "ते घरी बसून कसं शिकणार? पेशंट समोर नको का?"

माझ्या वडिलांचं मिरजेत मेडिकल होतं. त्यांच्या नोंदणीचं सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये, गल्ल्याच्या वर, गिऱ्हाइकाला दिसेल असं. नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही, हे त्याच १९४८ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमात आहे. आणि तरी सर्टिफिकेट भाड्याने देण्याचा धंदा आपल्याकडे चालतो, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. कागद भिंतीवर आणि माणूस तिसऱ्याच गावात. वडिलांकडे असं विचारायला एकदोघं येऊन गेले. ते म्हणायचे, "मी जिथे नाही तिथे माझं नाव कशाला?" एजंटची ती पदवी मला त्याच जातीची वाटली.

आता नेदरलँड्सचं. इथे दूरशिक्षणाचं सरकारमान्य विद्यापीठ आहे. हेर्लेनचं 'ओपन युनिव्हर्सिटेट', १९८४ पासूनचं. कायदा, मानसशास्त्र, संगणकशास्त्र असे विषय तिथे मिळतात, फार्मसी मिळत नाही. अपोतेकर, म्हणजे पूर्ण फार्मासिस्ट, व्हायचं तर उत्रेख्त, ग्रोनिंगेन किंवा लायडन. तीन वर्षं बॅचलर, तीन वर्षं मास्टर. आणि हा काही डच लोकांचा हट्ट नाही. युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यावसायिक पात्रतेच्या निर्देशातच लिहिलंय की फार्मासिस्टचं शिक्षण किमान पाच वर्षांचं हवं, त्यातली चार वर्षं पूर्णवेळ, आणि सहा महिने प्रत्यक्ष औषधालयात किंवा रुग्णालयात. त्यामुळे बेल्जियमला होईल का, पोलंडला होईल का, हे प्रश्नही तिथेच मिटतात.

मला अपवाद माहीत आहे तो अमेरिकेतला. ओमाहा शहरातल्या क्रेइटन विद्यापीठाने २००१ साली डॉक्टर ऑफ फार्मसी हा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने सुरू केला. व्याख्यानं घरी ऐकायची, पण उन्हाळ्यात प्रयोगशाळेसाठी ओमाहाला जायचं आणि शेवटचं वर्ष रुग्णालयांत आणि औषधालयांत काढायचं. म्हणजे 'दूर' होतं ते पुस्तक. पेशंट तिथेही समोरच होता.

हे सगळं कशासाठी, ते आपल्या भागातल्या कुठल्याही अपोतेकमध्ये दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. १८७३ साली 'लल्ला रुख' जहाजाने कलकत्त्याहून सुरीनामला गेलेल्या मजुरांचे वंशज, १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास तिथून इकडे आलेले, आता आजी-आजोबा झालेत. बायल्मरच्या काउंटरवर ते सरनामीत बोलतात, शेजारी घानाची बाई इंग्रजीत बोलते, मागे आपल्यासारखं कुणीतरी मोडक्या डचमध्ये. काउंटरवरची मुलगी प्रत्येक नव्या औषधाला थांबून समजावते. कशासाठी आहे, कधी घ्यायचं, काय टाळायचं. डचमध्ये 'ओम दे दाख' म्हणजे आपलं एक दिवसाआड. नवशिक्याला त्यातला 'दाख', म्हणजे दिवस, तेवढाच कळतो आणि तो रोज घेऊन मोकळा होतो. संधिवातासाठी देतात ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. हे सांगताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं, कळलं का ते ताडावं लागतं. म्हणून इथे भाषेची अट कडक आहे. ती परक्यांना बाहेर ठेवायला आहे असं मलाही आधी वाटायचं. पण ही अट काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या आपल्या आईसाठीही आहे.

मग करायचं काय? दारं दोन आहेत, आणि आपल्या फोल्डरमध्ये काय आहे त्यावर दार ठरतं.

पहिलं दार बी.फार्म. किंवा फार्म.डी. झालेल्यांचं. 'अपोतेकर' हे नाव इथे कायद्याने राखीव आहे. ते लावायचं तर १९९३ च्या बिग कायद्याखाली बिग-रजिस्टरमध्ये नोंद हवी. युरोपबाहेरची पदवी असेल तर आधी डच भाषेची परीक्षा, बी-२ च्याही थोडी वरची. मग व्यवसायाच्या ज्ञानाची तपासणी, आणि एक समिती तुमचं शिक्षण इथल्याशी ताडून बघते. बहुतेकदा काही अभ्यास इथे पुरा करायला सांगतात. आपलं चार वर्षांचं, त्यांचं सहा वर्षांचं, हे लक्षात ठेवूनच अर्ज करावा, म्हणजे उत्तर आल्यावर वाईट वाटत नाही. काहींना सुरुवातीपासून विद्यापीठात जावं असं वाटतं. त्यांनी स्टुडीलिंकवर डिगिडीने नाव नोंदवायचं, साधारण १ मेच्या आत. जिथे जागा मर्यादित असतात त्या अभ्यासक्रमांना १५ जानेवारी. २०२५-२६ ची सरकारी दराची फी २,६०१ युरो होती. पण तो दर युरोपीय नागरिकांना, सुरीनामच्या नागरिकांना आणि ठरावीक परवाने असलेल्यांनाच लागतो. बाकीच्यांना विद्यापीठ स्वतःचा दर लावतं आणि तो कित्येक पट असतो. आपला परवाना कुठल्या खान्यात बसतो ते आधी विचारून घ्या.

दुसरं दार आहे अपोतेकर्स-असिस्टंटचं. काउंटरवर जी मुलगी आपल्याशी बोलते, ती बहुधा हीच. शिक्षण एमबीओ, पातळी ४, साधारण तीन वर्षं. याचे दोन मार्ग. 'बीओएल' म्हणजे मुख्यतः कॉलेज आणि अधूनमधून औषधालयातलं प्रशिक्षण. 'बीबीएल' म्हणजे औषधालयात पगारी नोकरी आणि आठवड्यातला साधारण एक दिवस कॉलेज. घर चालवणाऱ्यांना दुसरा बरा पडतो, पण त्याला आधी एखाद्या मान्यताप्राप्त औषधालयाचा करार हातात लागतो. एमबीओला १ एप्रिलच्या आत नाव नोंदवलं, तर प्रवेशाच्या बाबतीत तुमचा हक्क पक्का राहतो. एप्रिल उलटल्यावर गेलं तर कॉलेजच्या मर्जीवर.

आणि आता घरबसल्या होण्यासारखं. आपल्या डिप्लोमाचं इथलं मूल्यमापन करून घ्यायचा अर्ज घरून होतो. आयडीडब्ल्यू नावाचं केंद्र आहे. पदव्यांचं काम नुफिक बघतं, व्यावसायिक शिक्षणाचं एसबीबी. डच भाषा बरीचशी घरी शिकता येते, बोलायला मात्र बायल्मरप्लेनच्या वाचनालयात किंवा मुलांच्या शाळेच्या फाटकाशी जायचं. असिस्टंटचा थिअरीचा भाग घरी अभ्यासायची सोय देणाऱ्या खासगी संस्थाही असतात, पण औषधालयातलं प्रशिक्षण त्यांनाही चुकत नाही. रसायनशास्त्र, शरीरशास्त्र आपल्याला आधीच आलेलं असतं. ते दाखवून काही विषयांतून सूट मागता येते. मागितल्याशिवाय मात्र कुणी देत नाही.

कुठल्याही जाहिरातीवर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा, मग ती जाहिरात पुण्याची असो की रॉटरडॅमची. एक, या कागदाने माझं नाव कुठल्या रजिस्टरमध्ये लागेल? भारतातलं उत्तर राज्याचं फार्मसी कौन्सिल असायला हवं. इथल्या एमबीओ अभ्यासक्रमाला क्रेबो नंबर असतो, तो मागायचा. दोन, प्रत्यक्ष कामाचे तास किती आणि ते कुठे भरायचे? तीन, ही मान्यता संस्थेच्या माहितीपत्रकाबाहेर, कौन्सिलच्या किंवा सरकारच्या यादीत मला स्वतःला दिसते का? "यायची गरज नाही, सगळं आम्ही बघतो," असं उत्तर आलं, तर पाकीट बंद.

वहिनींनी त्या रात्री भावाला फोन केला. तो आधी चिडला. शब्द दिला होता, माणूस ओळखीचा होता. त्यांनी त्याला ४२ वं कलम वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "अरे, त्या कागदावर मला कुणी काउंटरच्या पलीकडे उभं करणार नाही. ठेव मोडू नकोस." पुढच्या आठवड्यात त्यांनी डी.फार्म.चे कागद मूल्यमापनाला पाठवले. खरं सांगायचं तर निकाल त्यांना थोडा लागला. दोन वर्षांचा डिप्लोमा आणि सहा वर्षांचा अनुभव, आणि पत्रात सगळं मिळून चार ओळी. दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पत्राची प्रत काढून जवळच्या औषधालयात घेऊन गेल्या, आणि बीबीएलसाठी कुणाला घेता का, असं तोंडी, डचमध्ये विचारून आल्या. चार ठिकाणी नाही म्हणाले. पाचव्या ठिकाणी म्हणाले, भाषा बी-२ झाली की या.

सध्या बी-१ झालंय. आता त्या स्वयंपाक करताना औषधांच्या खोक्यातली माहितीपत्रकं मोठ्याने वाचतात आणि धाकटा त्यांचे उच्चार सुधारतो. एप्रिलच्या आत कॉलेजात नाव नोंदवायचं ठरलंय. करार मिळेल का ते अजून कुणालाच माहीत नाही, मलाही नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत गावी जाणाऱ्यांसाठी शेवटचं. येताना लोणच्याच्या बरणीबरोबर हेही आणा. प्रत्येक वर्षाच्या गुणपत्रिका. त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची, विषय आणि तास दाखवणारी कॉलेजच्या शिक्क्याची प्रत. प्रशिक्षणाच्या तासांचा दाखला. नोकरी केली असेल तर तारखा घातलेलं अनुभवाचं पत्र. आणि राज्याच्या कौन्सिलमधून नोंदणी चालू असल्याचा, तक्रार नसल्याचा दाखला. नूतनीकरण राहिलं असेल तर तेही उरकून घ्या. कागदांना अपोस्टील लागणार का, ते निघण्याआधी विचारा, कारण तो शिक्का भारतातच मिळतो. कॉलेजचे कारकून डिसेंबरात रजेवर असतात, तेव्हा गावच्या कुणाला तरी आधीच अर्ज द्यायला सांगा. आणि गावाकडे वाचणाऱ्या भावांनो, काकांनो, बहिणीसाठी काही करायचंच असेल तर हप्ता भरण्याऐवजी कॉलेजात एक हेलपाटा घाला.

राईगर्सबोसमध्ये यंदाही लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे सगळ्यांचं स्वागत आहे. फोल्डर घेऊन आलात तरी चालेल, चहा होईलच. सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा.